नवे मासे आणल्यावर वेगळ्या टाकीत ठेवता का? आपल्याकडच्या पाण्यात आणि उन्हात नेमकं कसं करावं?

चारफुटी (परभणी)

मंडळी, घरी चार फुटी टाकी आहे, सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी. एंजल, कोरी (तळाला फिरणारे कोरिडोरस), एक पर्ल गुरामीची जोडी आणि मागं वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं रान. टाकी चांगली बसली आहे, कुणी आजारी नाही. आता रमीनोज, म्हणजे लाल नाकाच्या टेट्रांचा घोळका आणायचा विचार चाललाय. इथल्या दुकानदाराकडं चेन्नईहून पेटी येते. तो म्हणतो, "वेगळं-बिगळं ठेवायची गरज नाही. पिशवी अर्धा तास तरंगू द्या, मूठभर मीठ, चार थेंब निळं औषध, द्या सोडून." यूट्यूबवर बघावं तर चार आठवडे वेगळे ठेवा, हीटर ३० अंशांवर लावा, तीन-तीन औषधं द्या असं सांगायलेत. इथं मे महिन्यात हीटर न लावता माझं पाणी ३४ ला जातं. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. दिवसातून कधीही लाइट जाते.

मला विचारायचंय ते एवढंच, की जे लोक खरंच वेगळे ठेवतात ते आपल्या भागात हे कसं जमवतात? टाकी केवढी, पाणी कुठलं, औषध द्यायचं की नाही?

टिपकागद (छत्रपती संभाजीनगर)

मी दरवेळी ठेवते. पण चार आठवडे हा आकडा कुठून आला ते आधी सांगते, मग तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानात इच म्हणतात, तो एका परजीवीमुळं होतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून वाढत असलेला तो जीव. तिथं त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, भोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. त्या कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं फुटून बाहेर आली आणि पोहत मासा शोधायला लागली की मग तेवढ्याच काळात मीठ किंवा औषध त्यांना मारतं. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती अशीही मरतात. २५-२६ अंशांना हे सगळं चक्र ३ ते ६ दिवसांत फिरतं, पाणी थंड असेल तर कित्येक आठवडे घेतं.

म्हणून दुकानात स्वच्छ दिसलेला मासा घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके दाखवतो. कधी परजीवी फक्त कल्ल्यांत असतो, तेव्हा ठिपका दिसतच नाही, मासा नुसता भराभर श्वास घेतो. आणि ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणारे तर गल्लोगल्ली आहेत! ठिपके गेले म्हणजे ते तळाला गेलेत, आता खरं औषधाचं काम सुरू होतं.

इच असेल तर दोन आठवड्यांत बहुधा उघडा पडतो. कल्ल्यांवरचे फ्लूक (बारीक चपटे कृमी), पोटातले कृमी, आतून खंगवणारे आजार यांना जास्त वेळ लागतो. म्हणून चार आठवडे. ज्या दिवशी नवी लक्षणं दिसतील त्या दिवसापासून मोजणी परत सुरू.

मोसंबीबाग (जालना)

उलटं बोलतो, राग मानू नका. मी वेगळं ठेवत नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी ठेवलं त्यांचे मासे त्या छोट्या डब्यातच गेले. वीस लिटरचा टब, कोरा करकरीत फिल्टर, त्यात निळं औषध आणि त्यात डझनभर मासे. दोन दिवसांत सगळे वर तोंड करून हवा ओढायलेत. मग म्हणायचं, माल रोगट होता. रोग नव्हताच, अमोनियानं मेले. मोठ्या टाकीत सोडले असते तर निदान पाणी तरी चांगलं मिळालं असतं.

उदगीरकर

> रोग नव्हताच, अमोनियानं मेले.

हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही. (उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलोय, पोटापाण्याचं काम आता वेगळं आहे. म्हणून थोडं लांबण लावतो.)

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बऱ्यापैकी निरुपद्रवी. कुठला किती, हे पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान ठरवतं. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी असतो. तेच सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर. सामू ८ आणि ३० अंश, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडं काळ्या दगडातलं बोअरचं जड पाणी, सामू बऱ्याच ठिकाणी ८ च्या आगेमागे, आणि वरून ऊन. मऊ, थंड पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते ती इथं खपत नाही. छोट्या टबातले मासे मरतात ते यामुळं.

यावर इलाज सोपा आहे. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या आणि मासे आणायच्या महिनाभर आधी तो मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात चालवत ठेवा. अमोनिया खाणारे जिवाणू त्यात बसतात. मासे आणायच्या दिवशी तो उचलून छोट्या टाकीत लावायचा. आणि अशा टाकीत निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, कारण नसताना टाकायचं नाही. ते या जिवाणूंनाच मारतं. मोसंबीबाग यांनी सांगितलेल्या टबात नेमकं तेच झालेलं असणार.

पिशवीबद्दलही बोलायला हवं. चेन्नईहून निघालेली पिशवी कितीतरी तास बंद असते. आत माशांच्या श्वासामुळं कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू खाली येतो, त्यामुळं साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, मग उघडा, मासे जाळीनं काढून लगेच स्वच्छ पाण्यात सोडा. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. दुकानात काही दिवस राहिलेल्या, पंधरा मिनिटांच्या अंतरावरून आणलेल्या माशांचं वेगळं, तिथं सावकाश पाणी मिसळलं तरी चालतं.

मांजराकाठ (लातूर)

पाण्याचं आम्हाला विचारा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं शहर आहे आमचं. टाकीत ओततो म्हटलं की घरचे अजून डोळे वटारतात.

मी छोट्या टाकीसाठी वेगळं पाणी वापरतच नाही. दर आठवड्याला मोठ्या टाकीतलं जे पाणी बदलायला काढतो तेच छोट्या टाकीत जातं. मोठी टाकी निरोगी असेल तर ते पाणी चांगलंच असतं, क्लोरिन गेलेला असतो, सामू आणि जडपणा तोच. चार आठवड्यांनी मासे मोठ्या टाकीत जातात तेव्हा त्यांना पाणी नवं नसतं. फक्त हे एकाच दिशेनं चालतं. छोट्यातला एक तांब्याही मोठ्यात जाता कामा नये.

छोट्यातलं काढलेलं पाणी कुंड्यांना घालतो. मीठ टाकलेलं असेल तर मोरीत.

टिपकागद

मांजराकाठ, हे फार छान आहे. मी इतकी वर्षं ड्रममध्ये पाणी साठवून क्लोरिन उडवत बसले.

चारफुटी (परभणी)

उदगीरकर सर, तापमानाचं राहिलं. ३० अंशांवर इच वाढत नाही असं वाचलंय. मग आमच्याकडं उन्हाळ्यात इच व्हायलाच नको ना? फुकटात इलाज.

उदगीरकर

सर नका म्हणू.

३० च्या वर बहुतेक इचची वाढ थांबते हे खरं. काही वाण त्याहून जास्त तापमानही सोसतात, त्यामुळं भरवसा नाही. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग गरम पाण्यात भडकतो. तोंडाभोवती पांढरा कापसासारखा थर, किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिका पट्टा. लोक त्याला बुरशी समजतात, 'ठिपके आहेत' म्हणून हीटर वाढवतात आणि एका रात्रीत टाकी रिकामी होते. इचचे ठिपके सुटे-सुटे, एका आकाराचे असतात. कॉलमनॅरिसचा थर पसरलेला, कडा धुरकट. हा फरक ओळखता येत नाही तोवर हीटरला हात लावू नका.

दुसरं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३५ ला ७ च्या आसपास. त्यात मासा गरम पाण्यात प्राणवायू जास्त मागतो, आणि ज्याच्या कल्ल्यांत परजीवी आहे त्याचं तर विचारूच नका. लाइट गेली की छोट्या टाकीत आधी हाच प्रश्न येतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो आधी घ्या, औषधं नंतर.

म्हणून माझं मत असं, की मे महिन्यात मासे आणूच नयेत. जून-जुलैत पाऊस पडून गारवा आला की आणा, नाहीतर दिवाळीच्या सुमारास. डिसेंबर-जानेवारीत परभणीची रात्र किती गार असते ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा छोट्या टाकीला हीटर लागतोच, कमी पाणी लवकर थंड पडतं.

काचेपलीकडे (नांदेड)

दुकानदाराची बाजू कुणी मांडेल म्हणून वाट बघत होतो. माझं छोटं दुकान आहे.

आमच्याकडं माल चेन्नईच्या कोळत्तूर भागातून नाहीतर कोलकात्याहून येतो. थर्माकोलच्या पेट्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या. मत्स्यशेतातून ठोक व्यापारी, तिथून रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स, मग आम्ही. एवढ्यात मासा कितीतरी पाणी बदलतो आणि वाटेत उपाशी असतो. त्यात बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. वरच्या रांगेतल्या गोल्डफिशला झालं की खालच्या टेट्रांना पोचलंच. त्यामुळं 'त्या टाकीतला मासा बरा दिसतोय' याला फारसा अर्थ नसतो, आजूबाजूच्या टाक्याही बघा.

आता आतली गोष्ट. पेटी आली त्याच दिवशी मासे नेऊ नका. ओळखीच्या दुकानदाराला थोडे पैसे आधी देऊन सांगा, हे एवढे माझे, आठवडाभर तुमच्याकडंच राहू द्या. जगायचे ते जगतात, मरायचे ते माझ्याकडं मरतात. मला त्रास होतो, पण गिऱ्हाईक टिकतं. आणि न्यायच्या दिवशी समोर खायला टाकायला सांगा. जो मासा खायला वर येत नाही तो घेऊ नका, किती का स्वस्त असेना.

यानं घरची वेगळी टाकी टळत नाही, एवढं मात्र मीच सांगतो.

मोसंबीबाग (जालना)

असे दुकानदार आमच्याकडं पाठवा की राव.

बिंदुसरा (बीड)

सगळे इचवर बोलायलेत, मी कृमींवर बोलतो. गप्पी, मॉली, प्लॅटी आणणाऱ्यांनी हे नीट वाचा.

मादी गप्पी एका जागी स्थिर उभी असेल तेव्हा मागून, शेपटीच्या बाजूनं बघा. गुदद्वारातून दोन-तीन लाल धागे बाहेर डोकावतात, केसापेक्षा थोडे जाड. मासा हलला की आत जातात, परत स्थिर झाला की बाहेर. त्याला विष्ठा समजू नका. विष्ठा लोंबते आणि तुटून पडते, हे धागे आपले आपण हलतात. हे कॅमॅलॅनस नावाचे कृमी. मासा खात राहतो, पिल्लंही देतो आणि पोट आत जात-जात एक दिवस तळाला पडतो. दिसायला लागेपर्यंत कितीतरी आठवडे जातात आणि तोवर सगळ्या टाकीत पसरलेलं असतं. दोन आठवड्यांच्या वेगळेपणात हे सापडेलच असं नाही.

औषध आपल्या भागात सहज मिळतं. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांसाठी लेव्हामिसॉल असतं ना, तेच. जनावरांच्या कुठल्याही मेडिकलमध्ये.

उदगीरकर

बिंदुसरा यांनी छान वर्णन केलंय. मात्रेबद्दल भर घालतो, कारण शेळीचं औषध माशाला देताना तिथंच गडबड होते.

लेव्हामिसॉल लिटरमागे २ मिलिग्रॅम, २४ तास. बाटलीवर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम आहे ते वाचून हिशोब करा. समजा ३० आहे, तर ४० लिटर पाण्याला ८० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २.७ मिलिलिटर. सुईची सिरिंज वापरा, झाकणानं मोजू नका. बऱ्याच बाटल्यांत दुसरं औषध मिसळलेलं असतं, ती नको, फक्त लेव्हामिसॉल असलेली मागा. उजेडात ते खराब होतं म्हणून दिवा बंद, टाकीवर चादर. कृमी यानं लुळे पडून बाहेर येतात, त्यामुळं २४ तासांनी तळ सायफननं स्वच्छ करायचा आणि निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा.

तळाला वाळू नसण्याचा फायदा इथं कळतो. छोटी टाकी उघडीच ठेवा. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत.

आणि एक विनंती. मेडिकलमधून टेट्रासायक्लीनची कॅप्सूल आणून 'आधीच दिलेली बरी' म्हणून टाकू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिला धरून ठेवतं, आपल्या बोअरच्या पाण्यात तिचा असर फार कमी होतो. मासा बरा होत नाही, जिवाणू मात्र औषधाला सरावतात.

मांजराकाठ (लातूर)

गप्पीवरून आठवलं. हिवतापवाले हौदात सोडायला गप्पी देतात ते कुणी टाकीत सोडलेत का? भाचा मागायलाय.

बिंदुसरा (बीड)

सोडा, पण वरचं सगळं त्यांनाही लागू. हौदातले म्हणून निरोगी असं काही नसतं.

टिपकागद

रोजच्या वापराचं थोडं, कारण वेगळी टाकी मांडून लोक एकाच जाळीनं दोन्हीकडं काम करतात. जाळी, सायफन, तांब्या, सगळं वेगळं. माझ्याकडं छोट्या टाकीच्या सामानाला लाल चिकटपट्टी आहे. आधी मोठ्या टाकीचं खाणं आणि साफसफाई, मग छोटीचं, उलट कधीच नाही. दोन टाक्या शेजारी चिकटून ठेवू नका, हवेच्या बुडबुड्यांनी उडालेले तुषारही पलीकडं जातात.

सायफन तोंडानं ओढायची सवय असेल तर सोडा. माशांना होणाऱ्या क्षयाचा एक जिवाणू माणसाच्या कातडीत हातावरच्या जखमेतून शिरतो, गाठी होतात आणि बऱ्या व्हायला महिने लागतात. हाताला कापलेलं असेल तर हातमोजा घाला.

चारफुटी (परभणी)

पाऊस लागल्यावर मासे आणले, म्हणून धागा वर काढतोय. दीड फुटी टाकी, मोठ्यात मुरवलेला स्पंज, पाइपचे तुकडे, मांजराकाठ यांच्या पद्धतीनं मोठ्या टाकीचंच पाणी. दुकानदाराला नांदेडच्या दादांचं म्हणणं ऐकवलं, कुरकुरला, पण ठेवले त्यानं आठवडाभर.

रमीनोजचं एक बरं असतं, नाकच सांगतं. आणले तेव्हा सगळ्यांची नाकं फिकट, धुतल्यासारखी. खायला लागले तशी लाल झाली. मग एक दिवस त्यातल्या दोघांची परत फिकी पडलेली दिसली आणि ते पाइपाला अंग घासत होते. ठिपका कुठंच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटीच्या पारदर्शक भागावर दोन-तीन बारीक दाणे दिसले. दिवा मागून धरला तेव्हा कळलं, समोरून नुसते दिसत नव्हते. लिटरमागे २ ग्रॅमच्या हिशोबानं खडेमीठ, एकदम न टाकता दोन दिवसांत पाण्यात विरघळवून घातलं. तळ रोज सायफननं काढला. दाणे गेल्यावरही मीठ चालू ठेवलं, टिपकागदताईंनी लिहिलेलं होतं म्हणून. आता सगळे लाल नाकाचे आहेत, खातात, पण मोजणी परत पहिल्यापासून सुरू केलीय. मोठ्या टाकीत एकालाही काही नाही.

दोन शंका. मोठ्या टाकीत कोरी आहेत, त्यांना हे मीठ चाललं असतं का? आणि आता हा स्पंज परत मोठ्या टाकीत टाकायचा का?

उदगीरकर

कोरींना आणि वॅलिसनेरियालाही एवढं मीठ सोसतंच असं नाही, म्हणून तर हे बाहेर केलेलं बरं. तो स्पंज मोठ्यात अजिबात नको. मासे गेले की टाकी, स्पंज, पाइप, जाळी सगळं धुऊन गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवा. मोठ्यात दुसरा स्पंज आत्ताच लावून ठेवा, पुढच्या वेळेला तयार.

काचेपलीकडे (नांदेड)

परभणीचा दुकानदार कोण ते ओळखलं मी. मला फोन आला होता, "तुम्ही गिऱ्हाइकाला काय शिकवायलाव" म्हणून.

मोसंबीबाग (जालना)

स्पंज मुरवायला टाकलाय. वनस्पती आणि गोगलगायींचं काय? त्यांनाही चार आठवडे?

टिपकागद

वनस्पती आणि गोगलगायींना इच होत नाही, पण तळाचं कवच त्यांना चिकटून येऊ शकतं. मासा नसलेल्या बादलीत दोन आठवडे ठेवा, पाणी गार असेल तर अजून थोडे जास्त. वनस्पतींची बादली सावलीच्या उजेडात राहू द्या. गोगलगायीच्या बादलीत मात्र मीठ टाकू नका.